बारा वचनांची टीप

शहापूरला खोली भाड्याने घेताना घरमालकांनी विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, भाषांतर. त्यांना वाटलं मी कोर्टात आहे. पुढची दोन वर्षं ते सातबाऱ्याच्या उताऱ्यातले अवघड शब्द घेऊन माझ्याकडे येत होते आणि मीही जमेल तसा अर्थ सांगत होते. शेजारच्या वहिनींना मी जनगणनेवाली वाटायचे. वाड्यांवर गेलं की लोक आधी रेशनकार्ड बाहेर आणायचे. खरं काम सांगितलं की दोन तऱ्हेची माणसं भेटत. एक म्हणत, "बाटवायला आलात का?" दुसरी आमच्या चर्चमधलीच असत. ती म्हणत, "ठाकरांच्या बोलीत शास्त्र कशाला? त्यांना मराठी कळतं की." या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायला मला अठरा वर्षं मिळाली. दोन्हींची माझी उत्तरं अजून अर्धवटच आहेत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शाळेतली नोकरी सोडली आणि या कामाला लागले. ख्रिस्ती पवित्र शास्त्रातली काही पुस्तकं शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर आदिवासींच्या ठाकरी बोलीत आणायची, एवढंच काम. लोकांना वाटतं, भाषांतरकार म्हणजे एका हाताला मूळ पुस्तक, दुसऱ्या हाताला कोरा कागद आणि मध्ये चष्मा लावलेला विद्वान. आमच्यात मूळ ग्रीक वाचणारा एकच माणूस होता, पुण्याचे चांदेकर सर, आणि ते तीन महिन्यांतून एकदा येत. बाकी आम्ही दोघंच होतो, गोविंद आगिवले आणि मी. गोविंद खर्डीजवळच्या वाडीतला ठाकर, वसतिगृहात शिकून ख्रिस्ती झालेला, चाळिशीतला, दोन मुलींचा बाप. मी चार-पाच भाषांतरं आणि सरांच्या टिपा समोर घेऊन त्याला मजकूर समजावून सांगायचे. तो डोळे मिटून तो आपल्या बोलीत बोलायचा आणि मी लिहून घ्यायचे.

मग यायची खरी परीक्षा. तिला आम्ही ऐकवणी म्हणायचो. ज्याने ही गोष्ट आधी कधीच ऐकलेली नाही अशा माणसाला ती वाचून दाखवायची आणि म्हणायचं, आता तुमच्या तोंडाने सांगा. तो जे सांगेल, ते आपलं भाषांतर. आपण कागदावर जे लिहिलंय असं आपल्याला वाटतं, ते नव्हे.

ऐकवणीत माणसाची चांगली जिरते. एका गोष्टीत सरोवर होतं. इकडच्या लोकांनी मोठं पाणी पाहिलंय ते धरणाचं, म्हणून आम्ही हौसेने "धरण" लिहिलं. सरोवरात वादळ उठतं, होडी बुडायला येते, प्रभू वाऱ्याला गप्प करतो. एका म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात जमिनी कुनाच्या गेल्या?" त्याच्या लेखी धरणाची गोष्ट तिथून सुरू होत होती. आम्ही धरण खोडलं आणि तळं केलं.

हिरीबाई मला अशाच ऐकवणीत भेटली. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे टोकावड्याच्या अंगाला डोंगराखाली तिची वाडी. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, उन्हाने रापलेली. नाचणी, वरी लावायची. बी राखेत घालून दुधीच्या सुक्या तुंब्यात ठेवायची आणि वाडीतली अर्धी घरं बियाण्यासाठी तिच्याकडे यायची. ती ख्रिस्ती नव्हती, पुढेही झाली नाही आणि मी कधी तसं विचारलं नाही. गोष्ट बरी वाटली की म्हणायची, "तुजा देव सांगतो बरा." नाही वाटली तर पदराने तोंड पुसत बसायची, की मी समजायचे, आज घरी जाऊन सगळं पुन्हा लिहायचं आहे.

तिच्यासारखी ऐकणारी बाई मला पुन्हा मिळाली नाही. एकदा ऐकलं की जसंच्या तसं सांगायची, आणि जिथे आमचं वाक्य लंगडत असे तिथे बरोबर अडखळायची. एका दुपारी आम्ही मोहरीच्या दाण्याची गोष्ट नेली. दाणा सगळ्या बियांत लहान, पण पेरला की एवढा वाढतो की पाखरं त्याच्या सावलीला येतात. हिरीबाईने पहिल्याच वाक्याला हात वर केला.

"मोहरी बारीक नाय," ती म्हणाली. "उंबराचं बी बघ. त्याच्यापुढं मोहरी म्हंजे धोंडा."

गोविंद माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघत होते, कारण मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर होते आणि ती बरोबर होती. उंबराचं बी मोहरीहून पुष्कळ बारीक असतं. आमच्याकडे झाडांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते, तिचं बी तर नुसती धूळ. कॉलेजात मी ते भिंगाखाली पाहिलं होतं. पण शास्त्रातलं हे वाक्य लहानपणापासून म्हणत आले होते आणि या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

याला कारण आमचं घर. माझे वडील नगर जिल्ह्यातले उपदेशक. आमच्या घरात शास्त्र या शब्दाचे दोन अर्थ होते आणि ते एकमेकांशी बोलत नसत. बाबांनी मला वनस्पतिशास्त्र घेऊ दिलं, कारण झाडं देवाने तिसऱ्या दिवशी केली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यात मुलगी बिघडण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत उत्क्रांतीवर मोठा प्रश्न आला. घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, काय लिहिलंस. मी म्हटलं, पुस्तकात होतं ते. त्यांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकात?" त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही पाऊस, नातेवाईक आणि तब्येत यांवरच बोललो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाचा शेवट होतो.

मी या कामाला लागले तेव्हा मात्र ते हरखले. आमचे कच्चे खर्डे मागवून घेऊन तांबड्या पेन्सिलीने वाचायला लागले. बोली परकी असली तरी अक्षर देवनागरी, अर्थ लागत होता. तर हिरीबाईचं म्हणणं मी त्यांना कळवलं. आठवड्याने उत्तर आलं. मोहरीचा दाणा सर्वांत लहान म्हटला आहे, म्हणजे तो सर्वांत लहान आहे. त्या बाईने उंबराचं बी नीट पाहिलं नसावं.

हे मी हिरीबाईला वाचून दाखवलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "तुज्या बापाला म्हनावं, ये नि बघ." मी तेही जसंच्या तसं लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही.

गोविंदचा हट्ट होता की मोहरी काढून उंबर घालावं. लोकांना पटेल, शिवाय उंबरावर पाखरंही खरोखर येतात. मलाही मोह झाला. चांदेकर सर आले तेव्हा मी हे त्यांच्यापुढे ठेवलं. ते हसले. "मंदाताई, तुम्ही भाषांतर करताय. पेपर तपासत नाही आहात."

मग हिरीबाईच्या अंगणात बसून त्यांनी आम्हा तिघांना हे सगळं केवढं जुनं भांडण आहे ते सांगितलं. एक पक्ष म्हणत आला की शास्त्रातलं अक्षर न् अक्षर खरं, मग ते आकाशाविषयी असो की बियांविषयी. त्या पक्षाच्या हट्टापायी, पृथ्वी फिरते असं म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या खगोलशास्त्रज्ञाला गुडघे टेकायला लावलं होतं. दुसरा पक्षही तेवढाच जुना. सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका बिशपाने आपल्याच लोकांना बजावलं होतं की ज्या गोष्टी जगातल्या कुणाही जाणत्याला ठाऊक आहेत त्यांबद्दल शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू नका, लोक हसतील, आणि मग शास्त्रातल्या बाकीच्या गोष्टीही ऐकायचे नाहीत. सर म्हणाले, सूर्य उगवला असं आपण सगळेच म्हणतो, कुणी खोटं बोलत नाही. प्रभू शेतकऱ्यांशी बोलत होता. शेतकरी जे पेरतात त्यातलं बारीक बी त्याने घेतलं. हा काही बियांचा धडा नाही.

हिरीबाई म्हणाली, "त्याच्या गावाला उंबर नसंल."

सर खरं बोलणारे. म्हणाले, होतं, त्याच जातीचं एक झाड तिथे होतं.

"मंग त्यानं फोडून बघितलं नसंल," ती म्हणाली, आणि विषय संपला. मोहरी राहिली. तिचं हे शेवटचं वाक्य मात्र मी बाबांना कळवलं नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी आम्ही शास्त्रातल्या एका बाईच्या गोष्टीपाशी आलो.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. व्यभिचारात सापडली म्हणून एका बाईला गावातले प्रतिष्ठित लोक प्रभूसमोर ओढून आणतात. नियमाप्रमाणे तिला दगडांनी मारायचं असतं. तो खाली वाकून जमिनीवर बोटाने काहीतरी लिहीत बसतो, आणि मग एवढंच सांगतो की तुमच्यात जो निर्दोष असेल त्याने आधी मारावं. लोक एकेक करून निघून जातात, वयाने मोठे असलेले आधी. शेवटी ती बाई आणि तो, दोघंच उरतात. तो तिला जा म्हणतो.

बारा वचनांची, म्हणजे बारा क्रमांकित वाक्यांची, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाला बहुधा सगळ्यांत आधी पाठ होते. आणि नेमकी ही गोष्ट सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाही. छापखाना येण्याआधी हजार-चौदाशे वर्षं शास्त्र हाताने उतरवलं गेलं. हजारो नकला झाल्या, आणि कुठल्याही दोन नकला तंतोतंत जुळत नाहीत. फरक बहुतेक शुद्धलेखनाचे, गळलेल्या शब्दांचे. मोठे फरक अगदी थोडे आणि त्यांतला हा एक. म्हणून बहुतेक भाषांतरं ही बारा वचनं चौकटी कंसात छापतात आणि खाली टीप देतात. हे काम आमच्यावर सोपवणाऱ्या समितीने कळवलं, तुम्हीही टीप घाला, ठाकरीत, सोप्या शब्दांत.

टीप नंतर लिहू, आधी गोष्टीची ऐकवणी करू, असं आम्ही ठरवलं आणि हिरीबाईकडे गेलो. गोविंदने वाचलं. ऐकून झाल्यावर ती नेहमीसारखी सांगायला लागली नाही. म्हणाली, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. तेव्हा तिने गोष्ट सांगायच्या ऐवजी दुसरंच सांगायला सुरुवात केली.

तिची थोरली जाऊ, चिमी. नऊ-दहा वर्षांपूर्वी वाडीत तापाने दोन पोरं पाठोपाठ गेली. चिमीला मूल नव्हतं आणि ती पोरांना फार जवळ घ्यायची. कुणीतरी म्हणालं, ही भुताळी आहे, चेटूक करते. एका सकाळी सगळ्यांनी तिला वाडीच्या मधोमध उभी केली. तिच्या नवऱ्याने मान वर केली नाही. तिला हाकलून दिलं. ती भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली, असं कुणी म्हणे. पुढे आरोग्य केंद्रातल्या बाईने रक्त तपासायला सुरुवात केली तेव्हा लोकांना कळलं की तो मलेरिया होता. पण तिला बोलवायला कुणी गेलं नाही.

"मी पन होते तिथं," हिरीबाई म्हणाली. "हात नाय उचलला. पन घरी पन नाय गेले. उबी राहून बघत होते."

टेपरेकॉर्डर चालू होता, तो मी बंद केला.

आता माझ्यापुढे प्रश्न असा, की या बाईला ती टीप सांगायची का? गोविंद हळूच म्हणाला, "ताई, आज नको." त्याचं बरोबर होतं. पण जे छापायचं ते सगळं आधी ऐकवायचं असा आमचा नियम होता, आणि मला वाटलं, जिने एवढं खरं सांगितलं तिच्यापासून मी काय लपवू. मी सांगितलं. मावशी, ही गोष्ट सगळ्यांत जुन्या वह्यांत नाही. काही लोक म्हणतात ती मागाहून घातली. काही म्हणतात आधीपासून तोंडी होती, लिहायची राहिली. काही म्हणतात होती, पण कुणी काढली.

ती म्हणाली, "ज्यानं काढली, तो तिथं उबा असंल."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं. पुढच्या फेरीत सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्या आफ्रिकेतल्या बिशपाने हेच लिहून ठेवलंय जवळजवळ, की बायकांना मोकळं रान मिळेल या भीतीपोटी काही पुरुषांनी ही गोष्ट आपापल्या नकलांतून काढून टाकली असावी. "त्याला हे सुचायला सगळं आयुष्य ग्रंथांत घालवावं लागलं," सर म्हणाले. "यांना एक दुपार पुरली."

इकडे बाबांना टिपेचा खर्डा मिळाला होता. त्यांचं पत्र आलं, चार पानी, तांबड्या पेन्सिलीनेच लिहिलेलं. जे लोक पहिल्यांदाच हे पुस्तक हातात घेणार, त्यांच्या हातात त्याबरोबर संशयही देणार का? पन्नास वर्षं मी हे वचन मरणाऱ्यांच्या उशाशी वाचलं, ते कंसात वाचलं का? शेवटी होतं, तू माझी मुलगी आहेस म्हणून विचारतो, तुझा कशावर विश्वास आहे?

असा सरळ प्रश्न त्यांनी मला कॉलेजनंतर पहिल्यांदा विचारला होता. मी तीन दिवस पत्र लिहीत होते आणि फाडत होते. शेवटी माझ्या विश्वासाबद्दल काहीच लिहिलं नाही. हिरीबाईने जे सांगितलं ते, चिमीच्या गोष्टीसकट, तिच्याच शब्दांत लिहून पाठवलं.

पंधरा दिवस काही नाही. मग एका सकाळी घरमालकांकडे निरोप आला की बाबा उद्या कल्याणच्या एसटीने निघताहेत आणि सरळगावला उतरतील. पंच्याहत्तरीचा माणूस माळशेज घाट उतरून एकटा आला. खांद्याला पिशवी, हातात छत्री. उतरल्यावर मला म्हणाले, "त्या बाईंकडे ने." चहासुद्धा घेतला नाही.

हिरीबाईच्या घराजवळ ओढा आहे आणि ओढ्यावर उंबर. ती तिथे भांडी घासत होती. मी ओळख करून दिली. मला वाटलं होतं, बाबा त्या गोष्टीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "मला बघायला बोलावलं होतंत. आलो."

तिने हात धुतले, एक पिकलेलं उंबर उचललं आणि दोन बोटांनी फोडलं. आतून चार-पाच बारीक किडे उडाले. बाबा दचकले. मी पिशवीतून माझं जुनं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी लांब धरलं, मग जवळ, मग मी त्यांचा हात धरून नीट डोळ्यापाशी आणला. मग बी दिसलं. हिरीबाईने मोहरीचा दाणा आणून शेजारी ठेवला. ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

"एवढी वर्षं उंबराखाली उपदेश केले," ते म्हणाले. "हे कधी पाहिलं नाही."

मग त्यांनी त्या किड्यांबद्दल विचारलं. मी सांगितलं, ही एक प्रकारची गांधीलमाशीच, पण चिलटाएवढी. ती उंबराच्या आत अंडी घालते आणि उंबराचं परागीभवन करते. ती नसेल तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर ती जगणार नाही. त्यांनी विचारलं, असं कसं जुळून आलं, तुमचं शास्त्र काय म्हणतं? आणि मग ओढ्याकाठी बसून, वीस वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिकेत मी जे लिहिलं होतं ते मी त्यांना सांगितलं. हळूहळू, साधे शब्द शोधत, गोविंदला समजावून सांगायचे तसं. लाखो वर्षं, थोडे थोडे बदल, जे टिकलं ते टिकलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाले, "मला पटत नाही." मी मान हलवली. "पण तू सांगतेस छान. आधी का नाही सांगितलंस?"

याची आज मला अनेक उत्तरं सुचतात.

नंतर ते हिरीबाईशी बोलले. दोघं उंबराखाली बसले होते आणि मी मुद्दामच लांब ओढ्यात पाय सोडून बसले. काय बोलणं झालं ते मला अर्धवटच ऐकू आलं. एवढं कळलं की ती चिमीबद्दल बोलत होती आणि बाबा, ज्यांना कुणालाही उपदेश केल्याशिवाय राहवत नसे, ते नुसतं ऐकत होते. संध्याकाळी परत येताना जीपमध्ये त्यांनी टिपेचा विषय काढला. "घाल टीप. पण बारीक अक्षरात घालू नकोस. लपवल्यासारखं दिसतं."

समितीला ते पटवायला मला चार महिने लागले. आमच्या पुस्तकात ती टीप मजकुराच्याच मापाच्या अक्षरांत आहे. ही गोष्ट लय जुन्या वह्यांत नाय, काही वह्यांत हाये, लोकांना ती म्हायती होती, असं ठाकरीत तीन ओळींत. माझ्या अठरा वर्षांच्या कामातलं सगळ्यांत चांगलं भाषांतर कोणतं असं कुणी विचारलं तर मी त्या तीन ओळी दाखवते.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या उशाशी मी तीच वचनं वाचली. कंस वाचायची गरज पडली नाही.

आता पश्चात्तापाचं सांगते. आम्ही ऐकवणी कॅसेटवर घ्यायचो. मजकूर तपासून झाला की त्याच कॅसेटवर पुढच्या अध्यायाची ऐकवणी घ्यायची, अशी आमची काटकसरीची पद्धत. मीच घालून दिलेली. म्हणजे हिरीबाईचा आवाज मी माझ्या हाताने पुसत गेले, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. बोली जपायचं काम करणाऱ्या बाईने असं करावं, यावर गोविंद आणि मी पुढे एकदा हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कधीकधी दुपारी खोलीत बसलेली असताना ती "बाय गो" म्हणून कशी सुरुवात करायची ते मी आठवायला बघते. शब्द आठवतात, आवाज येत नाही.

छपाई रखडली. बाबा येऊन गेल्यावर लवकरच मला कसाऱ्याकडच्या वाड्यांचं काम दिलं, आणि मुरबाडच्या बाजूला जाणं होईना. होईना म्हणते, पण एक दिवस काढता आला असता. पुस्तक हातात आलं तेव्हा दोन हजार साल उलटूनही बरीच वर्षं झाली होती. पहिली प्रत पिशवीत घालून मी हिरीबाईच्या वाडीवर गेले. ओढ्यावर पूल झाला होता. उंबर पुलाच्या कामात तोडलं होतं. हिरीबाईच्या सुनेने मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली आणि सांगितलं की सासूबाई गेल्याला दोन पावसाळे झाले.

अंगणात एक म्हातारी वरी पाखडत बसली होती. सून म्हणाली, ही आमची मोठी सासू. मी नाव विचारलं. चिमी.

मी सुनेकडे पाहिलं. सुनेने सांगितलं, तुमचे वडील येऊन गेले त्याच साली, होळी झाल्यावर, सासूबाई एकट्याच गेल्या. कुठली भट्टी ते ठाऊक नव्हतं. भिवंडीकडच्या भट्ट्या विचारत विचारत चार दिवस हिंडल्या, आणि पाचव्या दिवशी हिला घेऊन आल्या. वाडीतले लोक कुरकुरले. सासूबाईंनी बियाण्याचे तुंबे बाहेर अंगणात आणून ठेवले आणि म्हणाल्या, जिला चिमी चालत नाय तिनं माज्याकडं बी मागायला येऊ नये. त्या पावसाळ्याआधी सगळ्या येऊन गेल्या.

मी चिमीबाईंना विचारलं, एक गोष्ट वाचून दाखवू का? त्यांनी सूप खाली ठेवलं. मी ती बारा वचनं वाचली, टिपेसकट. माझ्या तोंडून ठाकरी कधीच नीट येत नाही, पण त्यांनी समजून घेतलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग ती बाई गेली कुटं?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही सरांना विचारला नव्हता. मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

चिमीबाईंनी मान डोलावली, जणू ते त्यांना अपेक्षितच होतं. मग मी त्यांना विचारलं, हिरीबाई भट्टीवर आली तेव्हा काय म्हणाली? मला फक्त तिचे शब्द हवे होते, कुठल्याही वहीसाठी नव्हे, माझ्यासाठी.

त्या म्हणाल्या, "काय नाय बोलली आदी. लांबच उबी राहिली. मी इटा उचलत होते. मंग जवळ आली नि माज्या डोक्यावरच्या इटा उतरवल्या. म्हनली, चल गो घरी. त्या दिवशी मी पन तिथंच उबी होते."

मी त्यांना म्हटलं, पुन्हा एकदा सांगाल का, ती जशी म्हणाली तसंच?

चिमीबाईंनी पदर सारखा केला, माझ्याकडे नाही, समोर रस्त्याकडे पाहिलं, आणि हिरीबाईच्या आवाजात म्हणाल्या, "चल गो घरी."